बरण्या रिकाम्या करण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत समुद्रातील अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या उत्क्रांतीवर नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. स्पंज आणि टेनोफोर (जेलीफिशसारखे दिसणारे पारदर्शक सागरी प्राणी) यांपैकी प्राणिसृष्टीच्या झाडावरून आधी कोण वेगळे झाले, हा वाद मराठी दैनिकात इतक्या नीटपणे मांडलेला पाहून आनंद झाला. मात्र डीएनएचे वाचन स्वस्त आणि सोपे झाल्यामुळे प्राण्यांच्या नात्यांचा निवाडा आता प्रयोगशाळेतच होतो आणि बरणीतले नमुने पाहून वर्गीकरण करण्याचे दिवस संपले, अशा आशयाचे जे विधान लेखाच्या अखेरीस आले आहे, ते तसेच सोडून देणे मला योग्य वाटत नाही. कोकणातील एका महाविद्यालयात मी तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, आणि नेमका असाच विचार करून बरण्या रिकाम्या केल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर पत्र.

रेणवीय जनुकशास्त्राचे ऋण आधी मान्य करतो, कारण ते फार मोठे आहे. आम्ही विद्यार्थी असताना प्राण्यांची मांडणी देहगुहेवरून, म्हणजे आतडे आणि शरीराची भिंत यांमधल्या पोकळीवरून होत असे. देहगुहा नसलेले चपटे कृमी खालच्या पायरीवर, फसवी देहगुहा असलेले गोलकृमी त्यांच्या वर आणि खरी देहगुहा असलेले वलयी (गांडुळासारखे), संधिपाद (खेकडे, कीटक) व मृदुकाय (शिंपले, गोगलगायी) त्याहून वर, अशी ती चढती शिडी होती. नेरीससारख्या वलयी प्राण्याचे शरीर खंडाखंडांचे असते आणि कोळंबीचेही तसेच असते, म्हणून वलयी आणि संधिपाद ही एकाच घरातली भावंडे, असे आम्ही परीक्षेत लिहिले आणि पुढे फळ्यासमोर उभे राहून शिकवलेही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने घातलेली ही जोडी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे टिकली, कारण ती डोळ्यांना पटत होती.

तिला धक्का बसला तो पेशीतल्या रायबोसोममधील एका रेणूमुळे. १८ एस आरआरएनए हा सुमारे १,८०० अक्षरांचा रेणू प्रत्येक प्राण्याच्या पेशीत असतो आणि त्याचा क्रम फार सावकाश बदलतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वी दुरावलेल्या प्राण्यांचीही त्यावरून तुलना करता येते. १९८८ साली रूडॉल्फ रॅफ यांच्या गटाने दहा प्राणिसंघांतील प्रतिनिधींच्या या रेणूवरून प्राणिसृष्टीचे झाड मांडले. १९९५ मध्ये हॅलनिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ब्रॅकिओपोड व फोरोनिड हे समुद्रतळाशी राहणारे शुंडकधारी प्राणी तारामाशाच्या बाजूचे नसून शिंपले आणि वलयी यांच्या गोतावळ्यातले आहेत. या गोतावळ्याला लोफोट्रोकोझोआ हे नाव मिळाले. १९९७ मध्ये आगिनाल्डो आणि सहकाऱ्यांनी संधिपाद, सूत्रकृमी (म्हणजेच वरचे गोलकृमी) आणि प्रियापुलिड हे सागरी कृमी यांना एकत्र आणून कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक्डायसोझोआ हा गट मांडला. याचा सरळ अर्थ असा की नेरीस हा खेकड्यापेक्षा तिसरी या शिंपल्याला जवळचा आहे. तिसरीला खंड नाहीत, चालायचे पाय नाहीत, डोकेही नाही, तरीही रक्ताचे नाते तिकडेच जुळते. ही गोष्ट मला प्रथम समजली तेव्हा मी काही दिवस अस्वस्थ होतो, आणि नंतर वर्गात जाऊन आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना शिकवलेले चुकीचे होते हे नव्या विद्यार्थ्यांना सांगितले.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांपाशी नळीत राहणारे, तोंड व आतडे नसलेले मोठे कृमी एके काळी स्वतंत्र संघाचे मानले जात, ते आता वलयींमध्ये गेले. शेंगदाणाकृमी म्हणून ओळखले जाणारे सिपन्क्युलिडही तिकडेच गेले. कीटक हे खेकडे-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांच्याच एका शाखेतून आलेले आहेत, हेही जनुकांनीच पक्के केले. २००६ मध्ये डेल्सुक आणि सहकाऱ्यांनी अनेक जनुकांच्या तुलनेतून दाखवले की आपणा पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा नातलग मासळीसारखा दिसणारा अॅम्फिऑक्सस नसून धक्क्याच्या खांबाला चिकटून राहणारी, बोट लावले की पाण्याची चिळकांडी सोडणारी असिडियनची पिशवी आहे. कोव्हालेव्हस्की यांनी १८६६ सालीच तिच्या डिंभाच्या (पोहणाऱ्या अळीच्या) शेपटीत पृष्ठरज्जू पाहिला होता, त्यामुळे ती आपल्या कुळातली हे ठाऊक होते, पण इतकी जवळची असेल असे कोणाला वाटले नव्हते.

आता माझा मुद्दा. वर सांगितलेल्या १९८८ च्या पहिल्या झाडातच एक मोठी चूक होती. त्या झाडानुसार जेलीफिश आणि प्रवाळ ज्या निडारिया संघात येतात तो संघ इतर प्राण्यांपासून वेगळ्याच एकपेशीय पूर्वजापासून आलेला दिसत होता. त्याच माहितीचे इतरांनी पुन्हा विश्लेषण केल्यावर हा निष्कर्ष टिकला नाही. काही प्राण्यांची जनुके इतरांपेक्षा झपाट्याने बदलतात, आणि अशा दोन वेगवान शाखांमध्ये योगायोगाने सारखे बदल साठत गेले की गणिताला त्या एकमेकींच्या बहिणी वाटू लागतात. फेल्सेनस्टाइन यांनी १९७८ मध्येच हा धोका गणिताने दाखवून दिला होता. आगिनाल्डो यांच्या गटाने एक्डायसोझोआ मांडताना नेमकी हीच काळजी घेतली. त्यांनी अनेक सूत्रकृमी तपासले आणि ज्याचा क्रम सर्वांत सावकाश बदललेला होता तो ट्रायकिनेला तुलनेसाठी निवडला. कोणता प्राणी घ्यायचा हे ठरवण्यासाठी आधी प्राण्यांचा परिचय असावा लागतो, तो यंत्रातून येत नाही.

याहून बोलके उदाहरण झेनोटर्बेला या प्राण्याचे आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील समुद्राच्या चिखलातून १९१५ साली सिक्स्टेन बॉक यांना एक पिवळसर तपकिरी, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा चपटा कृमी मिळाला. १९४९ मध्ये वेस्टब्लाड यांनी त्याचे रीतसर वर्णन केले. त्याच्या पोटाकडच्या बाजूला तोंड आहे, पण गुदद्वार नाही. मेंदू नाही, श्वसनाचे अवयव नाहीत, वेगळी जननग्रंथीही नाही. त्वचेवर बारीक केसलांचे आच्छादन आहे आणि त्यांच्या हालचालीने तो चिखलावरून संथ सरकतो. इतके थोडे अवयव असलेल्या प्राण्याची इतरांशी तुलना करायची ती कशाच्या आधारे, हा प्रश्न पन्नास वर्षे सुटला नाही. चपट्या कृमींजवळ ठेवून पाहिले, तारामासे आणि समुद्रकाकडी यांच्याजवळ ठेवून पाहिले, कुठेच तो नीट बसेना.

अशा प्राण्याच्या बाबतीत जनुकांचाच आधार घ्यायला हवा, यात शंका नाही, आणि तसा तो १९९७ मध्ये घेतला गेला. उत्तर आले, झेनोटर्बेला हा मृदुकाय आहे, तोही शिंपल्यांच्या जवळचा. त्याच वेळी त्याच्या शरीरात सापडलेली अंडी आणि भ्रूणही शिंपल्यांच्या भ्रूणांसारखे असल्याचे प्रसिद्ध झाले. दोन वेगळ्या पुराव्यांनी एकच साक्ष दिली, म्हटल्यावर विषय मिटला असे कोणालाही वाटले असते. पण २००३ मध्ये सारा बूर्ला, मॅक्स टेलफोर्ड आणि सहकाऱ्यांनी काळजीपूर्वक तपासून दाखवले की ते डीएनए झेनोटर्बेलाचे नव्हतेच. त्याच चिखलात राहणारे शिंपले हे त्याचे अन्न आहे, आणि प्रयोगशाळेत वाचले गेले ते त्याच्या पोटातले जेवण. प्राण्याचे स्वतःचे जनुकक्रम वेगळेच निघाले. त्यांनी तेव्हा त्याला तारामासे आणि आपण ज्या मोठ्या शाखेत येतो तिच्यात ठेवले.

या घटनेचे स्मरण मी प्रत्येक वर्षी विद्यार्थ्यांना करून देत असे. १९९७ च्या संशोधकांना नावे ठेवावीत म्हणून नव्हे. यंत्राने चूक केली नव्हती, त्याला दिलेल्या मांसाच्या तुकड्यातील डीएनए त्याने बिनचूक वाचले होते. भ्रूण पाहणाऱ्या डोळ्यांचीही तशी चूक नव्हती, समोरचे भ्रूण खरोखरच शिंपल्याचे होते. चुकले होते ते एवढेच की हा प्राणी कुठे राहतो, काय खातो आणि त्याच्या शरीरातला कोणता भाग त्याचा स्वतःचा आहे, हे पुरेसे ठाऊक नव्हते. ही माहिती प्राणी जिवंत पाहून, ताटात ठेवून, कापून, पुन्हा पुन्हा निरखून मिळते. डीएनए वाचण्याआधी जे करावे लागते तेच हे काम.

पुढेही हा प्राणी शांत बसलेला नाही. २०१६ मध्ये ग्रेग राऊस, रॉबर्ट व्ह्रायेनहुक आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत व कॅलिफोर्नियाच्या आखातात खोल पाण्यात मिळालेल्या झेनोटर्बेलाच्या चार नव्या जाती जाहीर केल्या. त्यांतली एक सुमारे वीस सेंटिमीटर लांब आहे. हे व्ह्रायेनहुक म्हणजे १९९४ साली सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ या जनुकाचा तुकडा कोणत्याही अपृष्ठवंशीयातून वाढवून घेता येईल असे प्रायमर (डीएनएच्या प्रती काढण्यासाठी लागणारे छोटे तुकडे) तयार करणाऱ्या गटातले एक. आज जगभर प्राण्यांची जात ओळखण्यासाठी डीएनए बारकोड म्हणून जो तुकडा वाचला जातो तो त्या प्रायमरनी मिळणाराच तुकडा आहे. अशा माणसाने दूरनियंत्रित यंत्राच्या साहाय्याने समुद्रतळावरून कृमी उचलून आणण्यासाठी वर्षानुवर्षे दिली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षीच्या विश्लेषणांनी झेनोटर्बेलाला द्विपार्श्वसममित (डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या) प्राण्यांच्या अगदी मुळाशी नेऊन ठेवले, तर २०१९ मध्ये फिलिप आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणाने पुन्हा तारामाशांच्या बाजूला आणले. जनुके तीच, पण गणिताची गृहीतके बदलली की झाड बदलते.

आपल्या लेखात ज्याचा उल्लेख आहे तो स्पंज आणि टेनोफोरचा वादही याच जातीचा आहे. २००८ मध्ये केसी डन यांच्या गटाने अनेक जनुकांच्या आधारे टेनोफोर सर्वांत आधी फुटलेली शाखा असल्याचे सुचवले, तेव्हा अनेकांना ते अशक्य वाटले. स्पंजाला चेतासंस्था नाही, स्नायू नाहीत. टेनोफोराला दोन्ही आहेत, शिवाय कंगव्यासारख्या केसलांच्या आठ रांगा हलवत तो दिमाखात पोहतो. २०२३ मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अक्षरांचा क्रम बाजूला ठेवून जनुके कोणत्या गुणसूत्रावर एकत्र बसली आहेत हे पाहिले. तांदूळ आणि मुगाची डाळ एकदा एकत्र कालवली की हलवून हलवून ती पुन्हा वेगळी होत नाहीत. तसेच दोन गुणसूत्रे जोडली जाऊन त्यांवरची जनुके एकमेकांत मिसळली की मूळची विभागणी परत येत नाही. असे मिसळलेले गट स्पंज, जेलीफिश आणि इतर सर्व प्राण्यांत सापडतात. टेनोफोरात आणि प्राण्यांच्या एकपेशीय नातलगांत मात्र ते मिसळलेले नाहीत. हा पुरावा मला भक्कम वाटतो. तरीही अभ्यासकांमध्ये चर्चा थांबलेली नाही, हे वाचकांना सांगायला हवे होते.

हे सारे दूरच्या समुद्रातले आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या किनाऱ्याकडे येतो. ओहोटीला खडकावर बसून कोयतीने कालवे फोडणाऱ्या बायकांना विचारले तर त्या सांगतील की खाचेतले कालव लांबट होते आणि मोकळ्या कातळावरचे पसरट. कालवाचा आकार जागेप्रमाणे बदलतो, त्यामुळे शिंपल्याच्या बाह्यरूपावरून कालवांच्या जाती ठरवताना भले भले चुकले. सॅकॉस्ट्रिया कुक्युलाटा या एका नावाखाली हिंद आणि प्रशांत महासागरांत नांदणारे कालव प्रत्यक्षात अनेक वेगळ्या वंशांचे आहेत, हे जनुकांमुळेच कळले. इथे डोळा अपुरा पडला आणि डीएनए कामाला आले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण शिंपल्यांचे डीएनए काढतानाही जाणकार हात लागतो. त्यांच्यातला चिकट पदार्थ नीट धुऊन काढला नाही तर पुढची प्रक्रियाच अडते. मायटिलस आणि काही इतर शिंपल्यांमध्ये तर मायटोकॉन्ड्रियाचे डीएनए आईकडून सर्व संततीला मिळते आणि बापाकडचे फक्त नर संततीत टिकून मुख्यतः वृषणात राहते. म्हणजे एकाच नराच्या पायाच्या स्नायूतून एक क्रम निघतो आणि जननग्रंथीतून दुसरा. कोणता तुकडा कापला हे ज्याला ठाऊक नाही, तो एका प्राण्याच्या दोन जाती करून मोकळा होईल.

आता त्या बरण्यांविषयी. आमच्या विभागात लाकडी कपाटांत सुमारे दोनशे नमुने होते. त्यांपैकी बहुतेक आमच्या आधीच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी याच किनाऱ्यावरून गोळा केलेले होते. प्रत्येक बरणीत शाईने लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्यावर नाव, ठिकाण, तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ. विभागाचे नूतनीकरण करताना फॉर्मलिनमधल्या नमुन्यांतून डीएनए मिळत नाही, मग ते ठेवून उपयोग काय, असे ठरले, आणि दोन दिवसांत कपाटे रिकामी झाली. फॉर्मलिनने डीएनएची मोडतोड होते हे खरेच आहे. पण डीएनए मिळत नाही म्हणजे नमुना निरुपयोगी, हा तर्क झेनोटर्बेलाची हकिगत ज्याने वाचली आहे तो करणार नाही. सार्वजनिक संग्रहांत नोंदलेल्या एखाद्या जनुकक्रमावर चुकीच्या जातीचे नाव पडले तर ते दुरुस्त करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ज्या प्राण्यातून तो क्रम काढला तो प्राणी पुन्हा पाहणे. तो जपून ठेवलेला असतो म्हणूनच त्याला व्हाउचर नमुना म्हणतात. नमुना नसेल तर ते नाव बरोबर की चूक हे पुढे कोणीच सांगू शकत नाही.

किनारपट्टीवरील महाविद्यालयांना माझी विनंती आहे की जुन्या बरण्या जपाव्यात, आणि यापुढे जो प्राणी गोळा कराल त्याच्या पायाचा किंवा स्नायूचा लहानसा तुकडा आधी कापून स्वतंत्र नळीत शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा, उरलेला प्राणी नेहमीप्रमाणे बरणीत ठेवावा आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालावा. याला खर्च नगण्य आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून देशभरातील नमुने सांभाळते आहे आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दाराशी आहे. पण आपल्या तालुक्यातील प्रत्येक खाडीची नोंद ठेवणे त्यांना शक्य नाही, ते काम तिथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीच करायचे आहे. त्यासाठी किनाऱ्यावरची सहल अभ्यासक्रमात नावापुरती उरता कामा नये.

कपाटे रिकामी होत असताना त्यातील एक बरणी मी मागून घेतली. तिच्यात खाडीतला चिखलखेकडा आहे, सुमारे अर्धा वीत रुंद, रंग केव्हाच उडालेला. चिठ्ठीवर १९८६ सालच्या पौषातली तारीख आणि ‘सिल्ला सेराटा’ हे नाव आहे. १९९८ मध्ये कीनन आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पुरावा आणि शरीररचना यांची सांगड घालून या एका नावाखालच्या खेकड्यांच्या चार जाती वेगळ्या केल्या. सिल्ला सेराटाच्या डेंग्याच्या मनगटावर बाहेरच्या बाजूस दोन ठळक काटे असतात, तर सिल्ला ऑलिव्हेशियाच्या मनगटावर एकच बोथट काटा असतो, कधी तोही नसतो. कपाळावरचे दातेही पहिल्यात उंच आणि दुसरीत बुटके, गोलसर. माझ्या बरणीतल्या खेकड्याच्या मनगटावर एक बोथट उंचवटा आहे आणि कपाळ बुटक्या दातांचे आहे. म्हणून संग्रहालयांच्या रिवाजाप्रमाणे जुनी चिठ्ठी जागच्या जागी ठेवून तिच्याखाली मी दुसरी चिठ्ठी सोडली आहे, तिच्यावर ‘सिल्ला ऑलिव्हेशिया’ असे नाव, तपासल्याची तारीख आणि माझी सही आहे. कोणत्याही महाविद्यालयाला ही बरणी हवी असल्यास मी ती स्वतः आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक,
जि. रत्नागिरी